फाइल आहे, पण देता येत नाही

शोधनिबंध समोरच्या पडद्यावर उघडा आहे, तो हवा असलेला माणूस टेबलापलीकडे उभा आहे, आणि तरी मी तो त्याला देऊ शकत नाही, अशी वेळ माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात कधी आली नव्हती. तेव्हा निबंध मिळायचा नाही कारण तो लांब असायचा. मुंबईत नसला तर पुण्यात, पुण्यात नसला तर दिल्लीत, तिथेही नसला तर थेट यॉर्कशरमध्ये. पण एकदा हाताशी आला की पुढचा प्रश्नच नसे. कागद आमच्याकडे आहे, तुम्हाला हवा आहे, घ्या.

मी आधी टीटीसी एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या माहिती विभागात होते, नंतर ठाण्यात एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आले. विज्ञानाची नियतकालिकं दोन्हीकडे हाताळली, पण धडे कंपनीत मिळाले. महापे-रबाळेच्या त्या पट्ट्यात रसायनं आणि औषधं करणाऱ्या कंपन्या पूर्वीपासून. प्रयोगशाळेतला केमिस्ट सकाळी चहाच्या आधी चिठ्ठी आणून द्यायचा. चिठ्ठीवर लेखकाचं आडनाव, नियतकालिकाचं तुटक नाव, खंड, पान, वर्ष. हे सगळं त्याने केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्समधून उतरवलेलं असायचं. अमेरिकेत १९०७ साली सुरू झालेलं हे सारसंग्रहाचं प्रकरण म्हणजे जाडजूड खंडांची रांग, आणि त्यांच्या सूचीचे खंड त्याहून जाड. जगभरातल्या रसायनशास्त्राच्या निबंधांचा चार-सहा ओळींत सारांश त्यात मिळायचा. मूळ निबंध कुठून आणायचा, ते मात्र तुमचं तुम्ही बघा.

ते बघणं हेच माझं काम होतं. पहिल्यांदा तुटक नावाचं पूर्ण नाव करायचं. मग ते नियतकालिक भारतात कोणाकडे येतं ते शोधायचं. त्यासाठी दिल्लीच्या इन्सडॉकने, म्हणजे वैज्ञानिक माहिती पुरवणाऱ्या राष्ट्रीय केंद्राने, केलेली एकत्रित सूची होती: देशातल्या कोणत्या ग्रंथालयात कोणतं वैज्ञानिक नियतकालिक कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत आहे, मधले कोणते खंड गहाळ आहेत, सगळं बारीक टाइपात. इन्सडॉक १९५२ साली युनेस्कोच्या मदतीने उभं राहिलं. रशियन, जपानी, जर्मन निबंधांची भाषांतरंसुद्धा ते करून द्यायचे. आमच्या केमिस्टना जपानी मजकुराची गरज अधूनमधून पडायचीच.

सूचीत माटुंग्याचं नाव सापडलं की मला बरं वाटायचं, कारण तिथलं यूडीसीटी, म्हणजे मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, लोकलच्या अंतरावर. कंपनीच्या लेटरहेडवर पत्र, खाली शिक्का, ‘आमच्या प्रतिनिधीस संदर्भ पाहण्याची व छायाप्रत काढण्याची परवानगी द्यावी ही विनंती’. प्रतिनिधी म्हणजे कधी मी, कधी आमचे शिपाईमामा. मामा दहावी नापास, पण ‘जर्नल ऑफ ऑरगॅनिक केमिस्ट्री’चं कपाट कोणत्या खिडकीशी आहे हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं.

झेरॉक्स काढणं हेही कौशल्य होतं. बांधीव खंड चार बोटं जाड, तो काचेवर पूर्ण उलगडत नाही. शिवणीकडची बाजू वर उचललेली राहते आणि प्रतीत तिथे काळा पट्टा येतो. डावीकडच्या पानाच्या ओळींची शेवटची दोन-तीन अक्षरं त्या काळ्यात जातात. शब्द असेल तर वाचणारा अंदाजाने भरून काढतो. पण पट्ट्यात तापमानाचा आकडा किंवा रेणुसूत्रातलं खालचं छोटं अंक-अक्षर गेलं तर केमिस्ट काय अंदाज बांधणार? म्हणून मामांना सांगून ठेवलेलं असायचं, की खंड हाताच्या तळव्याने दाबून धरा, आणि प्रत तिथेच उजेडात धरून आकडे दिसतात का ते बघा. ते खरोखर बघायचे. एकदा तर आकडे पुसट आले म्हणून पेन्सिलीने मूळ खंडावरून समासात लिहून आणले होते, आणि अक्षर आमच्या केमिस्टपेक्षा सुवाच्य.

देशात नसेल तर बॉस्टन स्पा. हे गाव यॉर्कशरमध्ये आहे, आणि तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या दारूगोळ्याच्या कारखान्याच्या आवारात १९६२ साली ब्रिटनने विज्ञान-तंत्रज्ञानाचं राष्ट्रीय देवघेव ग्रंथालय सुरू केलं. डोनाल्ड अर्कहार्ट हा त्यामागचा माणूस. त्याची कल्पना साधी होती. वाचकांनी तिथे यायचंच नाही. सगळं एका ठिकाणी साठवा आणि जो मागेल त्याला टपालाने पाठवा. पुढे ते ब्रिटिश लायब्ररीत सामील झालं. १९९०च्या दशकाच्या अखेरीस, भरात असताना, वर्षाला ४० लाखांच्या आसपास मागण्या तिथे जायच्या, आणि त्यातला मोठा भाग शोधनिबंधांच्या प्रतींचा. आपण आगाऊ कुपनं घेऊन ठेवायची, फॉर्म भरायचा आणि टपालाची वाट बघायची. जगात कुठल्याही कोपऱ्यात बसलेल्या माणसाला त्याच्या कामाचा निबंध पोचवणारी इतकी सरळ व्यवस्था मी नंतर पाहिली नाही. ही स्मरणरंजनाची तक्रार नाही. दोन-तीन आठवडे ताटकळलेल्या केमिस्टचं तोंड मला आठवतं. पण व्यवस्था सरळ होती.

आणि पैसे नसलेल्यांसाठी पोस्टकार्ड होतं. छापील कार्डावर फक्त निबंधाचं नाव भरायचं आणि लेखकालाच पाठवायचं, ‘आपल्या निबंधाची एक प्रत पाठवल्यास आभारी राहीन’. लेखकांकडे प्रकाशकाने दिलेल्या सुट्या छापील प्रती असत. बहुतेक जण पाठवायचे. या कार्डांवरची परदेशी तिकिटं जमवणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत.

मग इंटरनेट आलं. ते कसं आलं हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे भरभर सांगते. भौतिकशास्त्रवाल्यांनी १९९१मध्येच अर्काइव्ह नावाचं ऑनलाइन भांडार सुरू करून आपले निबंध छापण्याआधीच खुले करायला सुरुवात केली. प्रकाशकांनी १९९६च्या सुमारास सगळी नियतकालिकं एका गठ्ठ्यात विकायला काढली. एकेक संस्था तो गठ्ठा विकत घेऊ शकेना, म्हणून संस्थांनी संघ केले. आपल्याकडे २००३ साली तंत्रशिक्षण संस्थांचा इंडेस्ट, पाठोपाठ विद्यापीठांसाठी यूजीसी-इन्फोनेट, २०१०मध्ये महाविद्यालयांसाठी एन-लिस्ट, आणि २०१५ साली हे सगळे एकत्र करून ई-शोधसिंधू. केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्सची छपाई २०१०च्या आरंभी बंदच झाली. एका दशकात माझ्या मागच्या भिंतीवरची कपाटं आणि मामांच्या माटुंग्याच्या फेऱ्या दोन्ही संपल्या. केमिस्ट आपल्याच खुर्चीत बसून निबंध उतरवून घेऊ लागला. पूर्ण, रंगीत, काळ्या पट्ट्याशिवाय. मला आनंदच झाला. कोणाला होणार नाही?

खटका उडाला तो पहिल्यांदा परवान्याचा कागद नीट वाचला तेव्हा.

छापील अंक घेतला की तो विकत घेतलेला असतो. ऑनलाइन अंक आपण विकत घेत नाही, वाचायचा परवाना घेतो. ठाण्यात-वाशीत भाड्याने राहणाऱ्या कोणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको: हा लिव्ह अँड लायसन्सचा अकरा महिन्यांचा करार. घर तुमच्या ताब्यात आहे असं वाटतं, पण भिंतीला खिळा ठोकायचा तर विचारावं लागतं, पाहुणे किती दिवस राहणार हे सांगावं लागतं, आणि करार सरला की किल्ली परत. छापील वर्गणी थांबवली तरी आधीचे पंधरा वर्षांचे खंड कपाटात राहायचे. ऑनलाइन वर्गणी थांबवली की, करारात तसं लिहून घेतलेलं नसेल तर, मागचंही जातं.

पाहुण्यांचं कलम तर फारच मजेचं होतं. दुसऱ्या ग्रंथालयाला प्रत द्यायची असेल तर काय, याबद्दल सुरुवातीच्या अनेक परवान्यांत अशी अट असायची, की इलेक्ट्रॉनिक फाइल जशीच्या तशी पुढे पाठवू नये. आधी ती कागदावर छापावी आणि तो कागद टपालाने किंवा फॅक्सने पाठवावा. काही ठिकाणी छापलेला कागद पुन्हा स्कॅन करून पाठवायला मुभा होती. म्हणजे बघा, स्वच्छ फाइल माझ्याकडे आहे, पलीकडच्या ग्रंथपालाकडे ईमेल आहे, आणि मध्ये मी प्रिंटरमधून अठरा पानं काढून ती एकेक करून स्कॅनरच्या काचेवर पालथी घालते आहे. रंगीत आलेख काळेपांढरे होतात, पान तिरकं जातं, आणि मिळालेली प्रत मामांच्या झेरॉक्सच्या लायकीचीही नसते. तंत्रज्ञानाने जे सोपं केलं ते कराराने मुद्दाम अवघड करून ठेवलं होतं. प्रकाशकाची भीतीही मला कळत होती. एकाने वर्गणी भरायची आणि बाकीच्या पन्नास जणांनी त्याच्याकडून मागवायचं, हे त्यांना नको होतं. अमेरिकेतल्या ग्रंथालयांनी या भीतीवर १९७०च्या दशकातच एक तोडगा मान्य केला होता: एका नियतकालिकाच्या गेल्या पाच वर्षांतल्या अंकांमधून वर्षाला पाचपर्यंत निबंध मागवा, त्याहून जास्त लागत असतील तर सरळ वर्गणी भरा. वाजवी वाटतं मला ते. पण ते कागदाच्या काळातलं शहाणपण.

आपला १९५७चा कॉपीराइट कायदा खासगी वापरासाठी, संशोधनासाठी रास्त प्रमाणात प्रत घ्यायला मोकळीक देतो. झेरॉक्सच्या काळात आम्ही त्या मोकळिकीवर जगलो. पण परवाना हा करार असतो, आणि कायदा जे देतो ते करारात सही करून आपणच सोडून देतो. ब्रिटनने २०१४ साली कायदा बदलून एक चांगली गोष्ट केली: ग्रंथालयाला संशोधकासाठी प्रत काढायची जी मुभा कायद्याने दिली आहे, ती काढून घेणारं कलम करारात असलं तरी ते चालणार नाही. आपल्याकडे असं कलम नाही. ते यावं यासाठी कोणी मोर्चा काढणार नाही हेही मला माहीत आहे.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली, आणि तिचा राग अजून गेलेला नाही. आमच्या ओळखीच्या एका संस्थेने ‘आता सगळं ऑनलाइन आहे’ म्हणून बांधीव खंड रद्दीत काढले. जागेचा प्रश्न खरा आहे. ठाण्यात चौरस फुटाचा भाव काय आहे ते मला सांगायला नको, आणि धूळ खात पडलेल्या खंडांपेक्षा अभ्यासिकेच्या खुर्च्यांना मागणी जास्त. पण टेम्पोत गेलेल्या गठ्ठ्यांत एका भारतीय नियतकालिकाचे असे खंड होते, जे कोणीच ऑनलाइन टाकलेले नव्हते. कोणी पडताळून पाहिलं नाही, कारण पडताळायची एकत्रित सूची आता कोणी उघडत नाही. दोन वर्षांनी त्याच संस्थेच्या विद्यार्थिनीने त्याच खंडातला निबंध माझ्याकडे मागितला.

आता त्या टेबलापलीकडच्या माणसाबद्दल. तो कोण असतो? वागळे इस्टेटमध्ये छोटं युनिट चालवणारा, सल्लागाराचं काम करणारा निवृत्त केमिस्ट. घोडबंदर रोडवर स्वतःचा दवाखाना असलेली डॉक्टर, जिला एका रुग्णासाठी नवीन उपचाराबद्दल नेमकं वाचायचंय. नवी मुंबईतल्या विनाअनुदानित महाविद्यालयात शिकवणारी आणि संध्याकाळी पीएचडी करणारी मॅडम. कागदाच्या काळात यातला प्रत्येक जण पत्र घेऊन यायचा आणि प्रत घेऊन जायचा. ग्रंथालय त्याला ‘तू कोणत्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे कोणत्या संस्थेच्या इंटरनेटवरून, आलास’ असं विचारत नव्हतं.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला मंजुरी दिली. २०२५, २०२६, २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळजवळ १३,००० नियतकालिकं, ६,३०० सरकारी शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधनसंस्था, सुमारे १.८ कोटी विद्यार्थी, शिक्षक, संशोधक. समन्वय विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे. गडचिरोलीच्या सरकारी महाविद्यालयातल्या मुलाला आयआयटीच्या मुलाइतकंच वाचायला मिळणार असेल तर त्याला नावं ठेवणारी मी कोण? फार मोठं काम आहे ते. पण ‘नेशन’ या शब्दात माझा निवृत्त केमिस्ट, दवाखान्यातली डॉक्टर आणि विनाअनुदानितवाल्या मॅडम बसलेल्या नाहीत. एका नेशनची सबस्क्रिप्शन संस्थांच्या यादीपाशी थांबते.

त्या मॅडम ठाण्याच्या खाडीवर काम करतात. गाळातले जड धातू आणि त्या गाळात राहणारे वळवळणारे जीव, असा विषय. खाडीचा हा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. ऐरोलीहून होडीत बसून लोक गुलाबी पक्षी बघायला जातात. मॅडम त्याच काठावर ओहोटीच्या वेळा बघून गुडघाभर चिखलात उतरतात. त्यांनी संदर्भांची यादी आणली, तेव्हा आम्ही दोघी शनिवारी दुपारी ती घेऊन बसलो.

निष्पन्न काय झालं ते बघा. सीएसआयआरच्या ‘इंडियन जर्नल ऑफ मरीन सायन्सेस’मधले जुने निबंध सरकारी ऑनलाइन भांडारात फुकट, मिनिटात उतरले. ‘करंट सायन्स’मधलेही फुकट. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं नियतकालिक १८८६पासूनचं, त्याचे जुने खंड जैवविविधतेच्या जागतिक खुल्या ग्रंथालयात चढवलेले, तेही फुकट. अडलं कुठे? गेल्या दहा वर्षांत परदेशी नियतकालिकांत आलेल्या, याच खाडीवरच्या, याच गाळावरच्या निबंधांपाशी. लेखक भारतीय, पैसा बहुधा भारतीय करदात्याचा, गाळ तर आमच्या चेंदणीच्या पलीकडचा. आणि वाचायचे एका निबंधाचे तीस-चाळीस डॉलर. मॅडम हसल्या. म्हणाल्या, “माझ्या घराच्या खिडकीतून दिसते हो ती जागा.”

अशा वेळी विद्यार्थी काय करतात हे प्रत्येक ग्रंथपालाला माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. अलेक्झांड्रा एल्बाक्यान या कझाकस्तानच्या मुलीने २०११ साली साय-हब हे पैसे न घेता, परवानगीशिवाय निबंध देणारं संकेतस्थळ काढलं, आणि पुढची कित्येक वर्षं आपल्या प्रयोगशाळा त्यावर चालल्या. मोठे प्रकाशक २०२०च्या अखेरीस दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि ऑगस्ट २०२५मध्ये ते संकेतस्थळ भारतात बंद करण्याचा आदेश निघाला. मी कोणाला तिथे जा असं सांगितलं नाही, माझ्या खुर्चीवर बसून ते सांगता येत नाही. पण ते इतकं चाललं याचं कारण लोकांना चोरीची हौस होती असं नाही. अर्कहार्टने जे १९६२ साली ओळखलं होतं, की मागणाऱ्याचं कूळ न विचारता पाठवून द्या, ते करणारं अधिकृत कोणी उरलं नव्हतं.

मॅडमच्या यादीतले निम्मे अडलेले निबंध आम्ही लेखकांना पत्र लिहून मिळवले. जुनं पोस्टकार्ड, फक्त ईमेलमधून. लेखक पाठवतात. प्रकाशकाने मांडणी करण्याआधीची, स्वीकारलेली प्रत द्यायला बहुतेकांना अडचण नसते, आणि आपल्या कामाबद्दल कोणी विचारतंय याचं त्यांना अप्रूप असतं. एकाने तर सोबत न छापलेली मोजमापंही पाठवली. काही निबंध लेखकांच्या संस्थांच्या भांडारात आधीच ठेवलेले होते, फक्त नेहमीच्या शोधात वर येत नव्हते. उरलेल्यांसाठी दुसऱ्या ग्रंथालयांना विनंती, आणि तिथली माझ्यासारखीच कोणीतरी बाई बहुधा करारातलं पाहुण्यांचं कलम उघडून बसली असणार.

लोकांना वाटतं, ऑनलाइन आल्यावर ग्रंथपालाकडे येणाऱ्या मागण्या संपल्या असतील. कमी झाल्या, हे खरं. पण सोप्या होत्या त्या गेल्या. उरल्या त्या सगळ्या किचकट. परवाच एक चिठ्ठी आली: ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेस’, पन्नासच्या दशकातला एक खंड, पान अमुक. त्या पानावर भलताच निबंध. मुलगा म्हणाला, संदर्भ चुकीचा आहे, सोडून देतो. चुकीचा नव्हता, अर्धवट होता. त्या काळी हे नियतकालिक अ आणि ब अशा दोन विभागांत निघायचं, आणि दोन्हींचे खंडक्रमांक बरोबरीने चालायचे. संदर्भ देणाऱ्याने विभागाचं अक्षर गाळलेलं, त्याच्यावरून उतरवणाऱ्या पुढच्या चार जणांनीही गाळलेलं. चौघांपैकी एकानेही मूळ निबंध पाहिलेला नसणार. ब विभाग उघडला, निबंध तिथेच होता, आणि तोही फुकट.

एआयच्या यंत्राला प्रश्न विचारला की ते हल्ली असे संदर्भ स्वतःच रचूनही देतं. नाव खरं, नियतकालिक खरं, वर्ष शक्यतेतलं, आणि निबंध अस्तित्वातच नाही. असे दोन-तीन संदर्भ प्रत्येक नव्या यादीत सापडतात. नसलेली गोष्ट नाहीच हे सिद्ध करायला असलेली शोधण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या १९३१च्या पाच सूत्रांतलं चौथं म्हणतं, वाचकाचा वेळ वाचवा. माझ्या वेळेबद्दल त्यांनी काही लिहून ठेवलेलं नाही.

आता कामाचं. अनेक परवान्यांत एक छोटं वाक्य असतं, जे वाचायचा कोणी कंटाळा करू नये: ग्रंथालयात प्रत्यक्ष येऊन तिथल्या संगणकावर वाचणाऱ्या बाहेरच्या माणसालाही वाचक धरलेलं असतं. लॉगिन देता येत नाही, घरी बसून वाचता येत नाही, पण आत येऊन बसता येतं. आमच्या भागातल्या किती ग्रंथालयांनी हे दारावर लिहिलंय? मी विचारत फिरले तेव्हा बऱ्याच ठिकाणी ‘बाहेरच्यांना प्रवेश नाही’ हीच पाटी दिसली, कोणत्या काळातली कोण जाणे. एका ठिकाणी मला सांगितलं गेलं की हे वाक्य त्यांच्या परवान्यात नाही. त्यांनी परवाना काढून दाखवला, त्यात ते होतं.

आमच्याकडे आता दरवाज्याशेजारी एक संगणक बाहेरच्यांसाठी ठेवला आहे. प्राचार्यांनी आधी सुरक्षेचं कारण काढलं, मग विजेचं, मग हो म्हणाले. लेटरहेडवरचं पत्र लागत नाही, ओळखपत्र आणि वहीत सही पुरे. निवृत्त केमिस्ट मंगळवारी येतात, मॅडम शनिवारी. करार देतो तितकी पानं छापून घेता येतात, पानाला दोन रुपये, सुटे आणावेत.